वाचकांचे प्रश्न : भांडवल उभे करताना

या महिन्यात सोलापूरहून आलेली पत्रे अधिक आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे गाऱ्हाणे एकाच जातीचे आहे : हातात कसब आहे, गिऱ्हाईक बांधलेले आहे, मात्र भांडवलासाठी बाहेर पडले की कोणत्या तरी कागदापाशी काम अडते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत. माझी नोकरीची बरीच वर्षे बँकेच्या कर्ज विभागात गेली असल्यामुळे टेबलाच्या पलीकडून अर्ज कसा वाचला जातो, तेही उत्तरांत ओघाने येईल.

प्रश्न : आमचे घर पूर्व भागात आहे. सासूबाई आणि मी विड्या वळत होतो. आता ते काम आठवड्यातून तीन-चार दिवसच मिळते, म्हणून दोन वर्षांपासून मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. रोज दोनशेच्या आसपास भाकऱ्या जातात. भाकरीचे यंत्र, चटणीसाठी कांडप यंत्र आणि पाकिटे बंद करण्याचे यंत्र यांना मिळून दोन लाख रुपये लागतील. बँकेत ‘घराचा उतारा आणा, दोन जामीनदार आणा’ असे सांगितले. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. माझ्या नावावर मायक्रोफायनान्सचे कर्ज आहे, पण त्यातले निम्मे पैसे नणंदेने नेले. मला कर्ज मिळेल का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, मिळू शकेल; मात्र आपल्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्याकडे मी आधी वळतो, कारण खरी अडचण उताऱ्यापेक्षा तिथे आहे.

कर्ज ज्याच्या नावावर, परतफेडीची जबाबदारी त्याची. नणंदेने तिच्या वाट्याचा हप्ता दोनदा चुकवला असेल, तर ती चूक पतमाहिती कंपनीच्या, म्हणजे कोणी कर्ज कसे फेडले याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, दप्तरी आपल्या नावापुढे नोंदली गेली असणार आणि बँकेचा अधिकारी आपला अर्ज हातात घेण्यापूर्वी तीच नोंद पाहणार. घरच्या माणसासाठी आपल्या नावावर कर्ज उचलणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे, त्यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पण संगणकाला नणंद दिसत नाही. म्हणून प्रथम आपला पतअहवाल काढून घ्यावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा विनाशुल्क मिळतो. त्यात फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल, तर दुरुस्तीची तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत तिचा निपटारा झाला नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नोंद खरी असेल, तर थकबाकी आधी भरावी आणि मगच बँकेत जावे. मायक्रोफायनान्सच्या कर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास दंड घेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता उताऱ्याविषयी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या आपल्याएवढ्या कर्जाला बँकेने अतिरिक्त तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. आपली मागणी मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात, म्हणजे ५० हजार ते ५ लाख रुपयांच्या गटात बसते आणि या कर्जांसाठी सरकारचा स्वतंत्र पतहमी निधी, म्हणजे कर्ज थकल्यास बँकेला भरपाई देणारा निधी, आहे. कर्जातून घेतलेली यंत्रे बँकेकडे गहाण राहतील, ते रास्तच आहे. सासऱ्यांच्या घराचा संबंध येत नाही. शाखेत हे बोलताना आवाज चढवू नये. अर्जाच्या मसुद्यातच ‘पतहमी निधीच्या संरक्षणाखाली कर्ज मिळावे’ असे एक वाक्य लिहावे, म्हणजे नकार देणाऱ्याला त्या वाक्याचे उत्तर द्यावे लागते.

तथापि आपला धंदा खाद्यपदार्थांचा असल्यामुळे मी आपल्याला प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेचा मार्ग अधिक सुचवेन. ही योजना २०२० साली सुरू झाली आणि आपल्याकडे ती कृषी विभागामार्फत राबवली जाते. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान असते आणि अर्जदाराला किमान १० टक्के स्वतः घालावे लागतात. आपल्या दोन लाखांत आपले २० हजार, बँकेचे १ लाख ८० हजार आणि त्या कर्जापोटी पुढे जमा होणारे अनुदान ७० हजार, असा हिशेब बसतो. हे ७० हजार हातात पडत नाहीत. ते कर्जखात्याशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात राहतात आणि तीन वर्षे हप्ते नियमित असतील व धंदा चालू असेल, तरच कर्जात वळते होतात. प्रकल्प अहवाल तयार करण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते आणि तिचे मानधन सरकार देते, आपण नाही. योजना अजून चालू आहे का आणि चालू वर्षाचे उद्दिष्ट शिल्लक आहे का, एवढे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

हप्ता झेपेल का, हे मात्र आपणच पाहायचे आहे. १ लाख ८० हजारांचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी धरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,९०० रुपये होतो. पीठ, सरपण किंवा गॅस आणि वाहतूक वजा जाता एका भाकरीमागे दोन रुपये सुटत असतील, तर दोनशे भाकऱ्यांचे रोजचे चारशे आणि पंचवीस दिवसांचे दहा हजार रुपये होतात. यात आपली स्वतःची मजुरी धरलेली नाही, हे विसरू नये. म्हणजे यंत्र आल्यावर खप किमान दीडपट व्हायला हवा आणि तो कोणत्या खानावळी, कोणती दुकाने घेणार आहेत, त्यांची नावे अर्जात हवीत. ज्वारीचा भाव चढतो तेव्हा दोन रुपयांचे सव्वा रुपया होतात, तो महिनाही हिशेबात धरावा.

‘हिशेब कुठून आणू, सगळे तोंडी आहे’ असे आपण म्हणाल. माझ्यासमोर एकदा एका बाईंनी भिंतीवरची दिनदर्शिका आणून ठेवली होती. तिच्या प्रत्येक चौकोनात, जिथे इतर घरांत दुधाचा रतीब लिहितात तिथे, त्या दिवशी गेलेल्या भाकऱ्यांचा आकडा होता. उधारीच्या आकड्याभोवती गोल काढलेला होता आणि पैसे आल्यावर त्या गोलावर काट मारलेली होती. त्या बारा पानांवरून मी टिपणी लिहिली आणि वरिष्ठांनी ती मान्य केली. आपणही आजपासून एवढेच करावे, आणि शक्य तितके पैसे क्यूआर कोडवर, स्वतःच्या खात्यात घ्यावेत. सहा महिन्यांचा खातेउतारा अर्जासाठी फार उपयोगी पडतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) आणि अन्नसुरक्षा नोंदणी या दोन्ही आधीच करून ठेवाव्यात. उद्यम नोंदणीला सरकारी शुल्क नाही.

प्रश्न : आम्ही सेटलमेंट भागात राहतो. आजोबांपासून टोपल्या आणि झाडू करण्याचा धंदा आहे. विमुक्त जातींच्या महामंडळाकडून एक लाख बिनव्याजी मिळतात असे कळले. एक मित्र म्हणतो, विश्वकर्मा योजना घे, तिच्यात तीन लाख मिळतात. दोन्ही घेता येतील का? महिन्याला मला नऊ-दहा हजार सुटतात.
— एक तरुण वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्ही कर्जे मिळणे कठीण आहे, म्हणून कोणती आधी, हा आपला खरा प्रश्न आहे.

वसंतराव नाईक विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळाच्या थेट कर्ज योजनेत १ लाख रुपये मिळतात आणि २,०८५ रुपयांच्या ४८ मासिक हप्त्यांत फेडायचे असतात. हप्ते वेळेवर असतील तर व्याज नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत टोपल्या, चटया आणि झाडू करणारे येतात. तिच्यात प्रथम पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि त्यानंतर ५ टक्के व्याजाने कर्ज आहे. मित्राने सांगितलेले तीन लाख एकदम मिळत नाहीत : पहिले १ लाख १८ महिन्यांत फेडायचे, ते फेडल्यावर पुढचे २ लाख ३० महिन्यांसाठी.

व्याजाचा फरक इथे किरकोळ आहे, कारण त्या पहिल्या लाखावर सगळे मिळून सुमारे चार हजार रुपये व्याज जाते. फरक हप्त्याचा आहे. महामंडळाचा हप्ता २,०८५ आणि विश्वकर्माचा सुमारे ५,७८०. नऊ हजार सुटणाऱ्या घरातून पावणेसहा हजार गेले, तर किराणा उधारीवर आणावा लागेल आणि वर्षभरात हप्ता थकेल, असे मला स्पष्ट दिसते.

दुसरीकडे, विश्वकर्मा योजनेत नाव नोंदवताना मागील पाच वर्षांत केंद्र किंवा राज्य सरकारच्या तशाच स्वयंरोजगार योजनेचे कर्ज घेतलेले नसावे, अशी अट आहे. पूर्ण फेडलेल्या मुद्रा आणि (फेरीवाल्यांसाठीच्या) स्वनिधी कर्जांना तेवढी सूट आहे. म्हणजे महामंडळाचे लाख रुपये आधी घेतले, तर विश्वकर्माचे दार पाच वर्षे बंद. मात्र या योजनेत कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही. तेव्हा आपण आधी विश्वकर्मात नोंदणी करावी, प्रशिक्षण आणि अवजारे पदरात पाडून घ्यावीत आणि त्यानंतर हप्ता पाहून कर्जाचा निर्णय करावा. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे भावाने आधीच नाव घातले आहे का, ते घरात विचारून घ्या.

जातीच्या दाखल्यासाठी आपल्या प्रवर्गाला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळे सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाआड हजेरी देत होते आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त झाले, त्यांच्याकडे सोलापुरातील वास्तव्याचा पुरावा मागितला जावा, यातील विसंगती मलाही टोचते. पण त्या काळच्या शाळेतील आजोबांचे नाव असलेला प्रवेश नोंदवहीचा उतारा मिळाला, तर काम होते.

प्रश्न : आम्ही पद्मशाली. घरी पत्नी आणि मी शाळेचे गणवेश मजुरीने शिवतो. स्वतःच्या सहा मशिनी टाकायच्या आहेत, खर्च सहा लाख. जातीचा दाखला नसल्यामुळे सवलत मिळणार नाही, असे सांगण्यात आले. आजोबा तेलंगणातून आले, कधी आले ते माहीत नाही.
— एक वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर : आपल्या समाजाची नोंद राज्यात विशेष मागास प्रवर्गात आहे आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते, हे दाखवावे लागते. ‘कधी आले ते माहीत नाही’ हे उत्तर पूर्व भागातील निम्म्या घरांतून येते, तरी पुरावा बहुधा घरातच असतो. आजोबा गिरणीत असतील तर गिरणीचा बिल्ला किंवा भविष्यनिर्वाह निधीचा कागद, आजी विड्या वळत असेल तर कारखान्याची जुनी नोंद, वडिलांचा किंवा चुलत्यांचा तेलुगू माध्यमाच्या शाळेतील दाखला, महापालिकेच्या जन्मनोंदवहीतील उतारा, यांपैकी जे सापडेल ते गोळा करावे. जात लिहिलेला शालेय पुरावा सर्वांत भक्कम ठरतो; बाकीचे कागद वास्तव्यासाठी जोडीला चालतात. आत्याच्या घरची ट्रंकही तपासावी. माहेरचे कागद मुली जपून ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

परंतु दाखल्यासाठी धंदा थांबवण्याची गरज नाही. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात विशेष प्रवर्गाला शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा ५ टक्के. सर्वसाधारण प्रवर्गाला हेच आकडे १५, २५ आणि १० टक्के आहेत. या विशेष प्रवर्गात मागासवर्गीयांबरोबर सर्व महिला येतात, जात कोणतीही असो. आपल्या पत्नीही शिवतात, तर उद्योग त्यांच्या नावाने उभा करता येईल. सहा लाखांवर शहरात ९० हजारांऐवजी १ लाख ५० हजार अनुदान पडेल. अट एवढीच की मालकी नावापुरती नसावी : खाते त्यांच्या नावाचे, सही त्यांची, प्रशिक्षणाला त्या स्वतः आणि बँकेचा अधिकारी पाहणीला आला, तर गणवेशाच्या कापडाचा भाव सांगणाऱ्याही त्याच. ही योजना नव्या उद्योगासाठीच असल्यामुळे मशिनी आधी उसनवारीने आणून मग अर्ज करू नये. असे अर्ज बाद झालेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : मी अनुसूचित जातीचा असून अक्कलकोट रस्त्याला दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. महात्मा फुले महामंडळाने माझे प्रकरण मंजूर करून बँकेकडे पाठवले. बँकेत पाच चकरा झाल्या. ‘आमचा कोटा संपला’ असे तोंडी सांगतात. काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत ५ टक्के अर्जदाराचे, २० टक्के महामंडळाचे ४ टक्के व्याजाने आणि ७५ टक्के बँकेचे असतात. त्यामुळे महामंडळाने प्रकरण मंजूर केले, तरी मोठा हिस्सा ज्याचा आहे त्याचा होकार अजून बाकीच राहतो. हे कोणी समजावून सांगत नाही आणि अर्जदार आनंदात पेढे वाटून मोकळा होतो.

सहावी चक्कर मारण्याऐवजी एक पत्र द्यावे आणि त्याची पोच शिक्क्यानिशी घ्यावी. २५ लाखांपर्यंतच्या सूक्ष्म व लघु उद्योग कर्जाचा निर्णय पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून कामाच्या १४ दिवसांत व्हावा, असा नियम आहे. त्याहून महत्त्वाचा, आणि शाखेतही अनेकांना ठाऊक नसलेला, नियम असा की अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराचे प्रकरण शाखेने आपल्या पातळीवर नाकारायचे नसते. नकार द्यायचाच असेल, तर तो वरच्या पातळीवरच्या अधिकाऱ्याने, कारण स्पष्ट लिहून द्यायचा असतो. तोंडी ‘कोटा संपला’ हे कारण त्यात बसत नाही. पत्रात या नियमाचा उल्लेख करून ‘निर्णय लेखी कळवावा’ एवढेच म्हणावे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर पत्राची प्रत अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना द्यावी. सोलापूर जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातील सर्व बँकांच्या कामाचा मेळ घालणारी बँक, बँक ऑफ इंडिया आहे, पण तक्रार कोणत्याही बँकेच्या शाखेविषयी असली तरी ती तिथे नेता येते. एक प्रत महामंडळाच्या जिल्हा व्यवस्थापकांनाही द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्यापूर्वी बँकेला तक्रार देऊन ३० दिवस थांबावे लागते, आणि कर्ज द्यायचे की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपाल बदलून देत नाही. त्या वाटेकडून फार अपेक्षा धरू नये.

प्रश्न : भाजीच्या गाड्यासाठी मी रोजच्या वसुलीवर दहा हजार घेतो. हातात नऊ हजार मिळतात, शंभर दिवस शंभर रुपये द्यायचे. हे महाग आहे का? कागदपत्रे मागत नाहीत म्हणून बरे वाटते.
— एक विक्रेता, सोलापूर

उत्तर : फार महाग आहे. आपण रोज शंभर फेडत जाता, म्हणजे शंभर दिवसांत सरासरी साडेचार हजारच आपल्याकडे राहतात आणि त्यावर एक हजार जातात. ते शंभर दिवसांचे २२ टक्के झाले, वर्षाचे ८० टक्क्यांच्या घरात. परवानाधारक सावकाराला बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येते, आणि परवाना नसलेल्याविरुद्ध २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. पण रोज सकाळी गाड्याशी उभ्या राहणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार करा, असे मी घरात बसून सहज सांगणे बरोबर नाही. आधी दुसरा पैसा उभा करावा.

महापालिकेचे विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र घेऊन पीएम स्वनिधी योजनेत अर्ज करावा. पहिले कर्ज आता १५ हजार, ते फेडल्यावर २५ हजार आणि नंतर ५० हजार असे आहे, आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत खात्यात जमा होते. पहिल्या १५ हजारांतून सावकाराचे उरलेले हप्ते एकरकमी मिटवावेत. त्याने शंभर दिवसांचे पूर्ण पैसे मागितले तर त्याच्याशी बोलताना गल्लीतला एखादा मोठा माणूस सोबत असावा.

प्रश्न : एक गृहस्थ अनुदान मंजूर करून देतो म्हणतात. अनुदानाच्या दहा टक्के आगाऊ मागतात. द्यावेत का?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : देऊ नयेत. या सदरात आलेल्या सर्व योजनांत अर्जदाराने मध्यस्थ नेमणे बंधनकारक नाही. अर्ज भरण्यास मदत हवी असेल, तर जिल्हा उद्योग केंद्रात विनामूल्य मार्गदर्शन मिळते आणि तिथे आपले आधार कार्ड व बँकेचे पासबुक कोणाच्या ताब्यात ठेवावे लागत नाही. त्या गृहस्थांकडे आपण कोरे धनादेश किंवा सही केलेले कागद ठेवले असतील, तर ते आजच परत मागावेत आणि न मिळाल्यास बँकेला धनादेशांचे क्रमांक लेखी कळवून ते थांबवावेत.